न्यूझीलंडला दोघंच चाललोय, पण घराचं आणि कलमांचं काय?

मागच्या अंकात लांबच्या परदेश प्रवासाबद्दल काय विचारायचंय ते कळवा म्हटलं होतं, तर कोकणातूनच भरपूर पत्रं आणि मेसेज आले, आणि त्यातले बरेचसे न्यूझीलंडबद्दल, म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच देतेय. सगळ्यात आधी देवगडच्या एका वहिनींचं पत्र. ते मोठं आहे आणि उत्तरही मोठं होणार, कारण त्यांनी जे विचारलंय ते बाकी कुणी विचारलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. हे हायस्कूलमधून रिटायर झाले, मी अंगणवाडीत होते, मीपण आता मोकळी झाले. मुलगी बंगळुरूला, मुलगा पुण्याला. ह्यांच्या डोक्यात न्यूझीलंड खूप वर्षांपासून आहे, पहाटे उठून रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे तेव्हापासून, आणि आता पैसे बाजूला पडलेत तर सात आठवडे जाऊया म्हणतात. तिकडे आमचं कोणी नाही. टूरबरोबर नको, आपण दोघंच जाऊ असं त्यांचं. वहीत प्लॅन लिहिलाय त्यात बावीस गावं आहेत. वाडीतले लोक म्हणतात समुद्र नि डोंगर हयसर काय कमी आसत काय, एवढे पैसे घालवून काय बघूचा? पण माझी भीती वेगळी आहे. घर बंद ठेवून आम्ही चार दिवसांच्या वर कधी गेलो नाही, आंब्याची कलमं आहेत, देव आहेत. आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघं असे एकटे कधी राहिलोच नाही, घर कायम भरलेलं, आधी सासूसासरे, दीर, मग मुलं. हे म्हणतात किचनवाली खोली घेऊ म्हणजे तुला आपलं जेवण करता येईल. जाऊ की नको जाऊ?

उत्तर: वहिनी, जा. पण आधी त्या किचनचं बोलू.

किचनवाली खोली घ्याच. तिकडे मोटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी छोटंसं किचन असतंच, हॉलिडे पार्क म्हणून जे असतात तिथे सगळ्यांना मिळून मोठं स्वयंपाकघर असतं, शेगडी, फ्रिज, सगळं, आणि सात आठवडे रोज बाहेर खाणं खिशाला झेपणारं नाही. पण "तुला करता येईल" हे वाक्य मला पटलेलं नाही, आणि तुम्हालाही पटलेलं नसणार म्हणून तर तुम्ही ते पत्रात लिहिलंत. सुट्टी दोघांची असेल तर स्वयंपाकही दोघांचा. निघायच्या आधी दोन महिने सरांना वरणभात, पिठलं, खिचडी आणि आम्लेट एवढं शिकवा, नुसतं दाखवू नका, त्यांच्या हातून करून घ्या, कुकरच्या शिट्ट्या त्यांनाच मोजू देत. मग एक दिवस तुम्ही, एक दिवस ते, तिसऱ्या दिवशी बाहेर खा नाहीतर ब्रेड, चीज आणि फळं. हे इथे घरी ठरलं पाहिजे, कारण तिथे पहिल्या संध्याकाळी दमून आल्यावर जो शेगडीपाशी उभा राहतो तो सात आठवडे तिथेच उभा राहतो.

दोघंच राहण्याची तुम्हाला वाटते ती भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवलीत हे फार बरं केलंत. आपल्याकडे नवरा बाजारात, बागेत, पारावर, बायको घरात आणि शेजारी, दोघांची दिवसभराची जगं वेगळी असतात, आणि तिथे एकदम चोवीस तास एकाच गाडीत नि एकाच खोलीत. भांडणं होणार, रस्ता चुकल्यावर तर नक्की होणार. म्हणून आठवड्यातला एक दिवस ज्याचा त्याचा ठेवा. गाव छोटं आणि सेफ असतं, सर मैदान बघायला गेले तर तुम्ही लायब्ररीत जाऊन बसा, तळ्याकाठी चाला, दुकानं बघत फिरा, संध्याकाळी भेटा. रोजचे खर्चाचे पैसेही दोघांच्या हातात वेगवेगळे असू देत, दोघांकडे वेगळं फॉरेक्स कार्ड, म्हणजे कॉफी घ्यायची तर विचारावं लागणार नाही. आणि मुलांना रोज व्हिडिओ कॉल नको, आठवड्यातून दोनदा पुरे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते, म्हणजे तिथले रात्रीचे नऊ तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड, तीच वेळ बरी.

नोव्हेंबर म्हटलं ते मुद्दाम. दिवाळी झाली की निघा आणि नाताळाच्या आधी परत या. तिकडे तेव्हा वसंत संपून उन्हाळा सुरू होत असतो, दिवस मोठा, दक्षिणेकडे डिसेंबरात रात्री नऊनंतरही उजेड, आणि त्यांच्या शाळांची मोठी सुट्टी नाताळाच्या आसपास पडते, ती पडली की खोल्या मिळत नाहीत नि मिळाल्या तर महाग. आपल्याकडे भातकापणी, झोडणी उरकलेली असते. आणि घरासाठीही हेच महिने बरे, पावसात बंद घराला बुरशी धरते, नोव्हेंबरात ती काळजी नाही, वाळवी, उंदीर आणि कौलांवर नाचणारी माकडं एवढ्यांचंच बघायचं. आठवड्यातून एकदा कोणीतरी दारंखिडक्या उघडून झाडलोट करणारं माणूस ठेवा, नातेवाईक असला तरी पैसे ठरवून ठेवा, फुकटात सांगितलेलं काम तिसऱ्या आठवड्यात सुटतं.

कलमांचं मात्र टाळता येणार नाही. थंडी पडली की मोहोर सुरू होतो, तुडतुड्यासाठी पहिली फवारणी मोहोर यायच्या आधी, दुसरी बोंगे फुटताना, आणि हे नेमकं तुम्ही नसताना येणार. म्हणून या एका वर्षापुरती बाग कराराने देऊन टाका. उत्पन्न थोडं कमी येईल, येऊ दे. करार तोंडी नको, कागदावर, फवारणी कोणी करायची, औषधं कोणाची, सगळं लिहून. बाग द्यायची नसेल तर माहितीतला माणूस ठेवून औषधं आधीच आणून द्या आणि वेळापत्रक भिंतीवर चिकटवा, पण मग सर तिकडे तळ्याकाठी बसून फोनवर फवारणीच करत बसतील, मला करारच बरा वाटतो. देवाच्या दिव्याचं शेजारी किंवा भटजींना सांगा, आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घालूनच निघा, त्याने मन मोकळं होतं. आणखी एक, पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असतो. तो निघायच्या आधी बँकेत जाऊन करून टाका नाहीतर जीवन प्रमाण ॲपवरून करा, विसरलात तर पेन्शन अडकेल.

आता ती वही. वहिनी, बावीस गावं सात आठवड्यात म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या. सरांना म्हणावं त्यातली सहा-सात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सहा रात्री राहा. नकाशावर देश चिंचोळा दिसतो पण ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मग साडेतीन तासांची फेरी, मग दक्षिणेकडचं बेट, आणि बघण्यासारखं त्या बेटावरच जास्त. सगळे क्वीन्सटाउनला राहून मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या समुद्राच्या खाडीला एका दिवसात जाऊन येतात, जायला चार तास, यायला चार तास, बोटीत दोन तास, आणि घरी येऊन सांगतात फार सुंदर होतं पण झोप लागली. त्याऐवजी 'ते अनाऊ' (Te Anau) नावाच्या गावात राहा, तिथून मिलफर्ड दोन-सव्वादोन तासांवर, आणि हवा बघून दिवस निवडता येतो.

वाडीतल्यांना उत्तर द्यायचं असेल तर इथलंच द्या. मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपली आंबोली, फक्त तो चार महिन्यांत न पडता वर्षभर पडतो, आणि डोंगर समुद्रातून सरळ हजार-दीड हजार मीटर वर उठलेले. पाऊस सुरू झाला की कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, म्हणून पाऊस आहे म्हणून बोट कॅन्सल करू नका, आपण कोकणातली माणसं, आपल्याला रेनकोट घालून बघायची सवय आहे. टेकापोचं तळं वेगळंच निळं दिसतं कारण हिमनद्यांनी दगड दळून केलेली पीठासारखी बारीक भुकटी त्या पाण्यात तरंगत असते. आणि तिथलं आकाश! तो सगळा भाग 2012 पासून राखीव अंधारा ठेवलाय, रस्त्यावरचे दिवेसुद्धा झाकलेले. तिथून मृग नक्षत्र उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर, आणि मॅजेलनचे ढग म्हणतात त्या दोन दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ज्या देवगडातून दिसायच्या नाहीत. हे इथे नाही वहिनी, कितीही समुद्र नि डोंगर असले तरी.

सरांसाठी वेलिंग्टनचे चार दिवस ठेवा. बेसिन रिझर्व्ह मैदान शहराच्या मधोमध आहे, मॅच नसते तेव्हा आत चालत जाता येतं. भारताने परदेशात पहिली टेस्ट सिरीज जिंकली ती न्यूझीलंडमध्येच, 1967-68 च्या दौऱ्यात, पतौडी कॅप्टन होते, आणि अजित वाडेकरांचं टेस्टमधलं एकुलतं एक शतक, 143, ते वेलिंग्टनलाच. त्याच शहरात 'ते पापा' (Te Papa) नावाचं म्युझियम आहे, तिथे एक जुनी तुटकी कांशाची घंटा आहे जहाजावरची, तिच्यावर तमिळ अक्षरं आहेत. 1836 च्या सुमाराला विल्यम कोलेन्सो नावाच्या मिशनऱ्याला ती तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या बायकांकडे मिळाली, त्या तिच्यात बटाटे उकडत होत्या. आपल्या बाजूच्या समुद्रातली घंटा तिथवर कशी पोचली हे आजही नक्की कोणी सांगू शकत नाही. माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने ती बघितलीच पाहिजे.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. आपल्या पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन, निदान तीन महिने आधी करा आणि तो हातात येईपर्यंत रिफंड न मिळणारं काहीही बुक करू नका. व्हिसा फीबरोबर माणशी 100 न्यूझीलंड डॉलरची पर्यटन लेव्ही भरावी लागते. महिन्याला माणशी 1000 डॉलर दाखवावे लागतात, राहायचे पैसे आधीच भरले असतील तर 400. पासपोर्ट तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा. तुम्ही परत येणार हे त्यांना पटायला हवं, त्यासाठी पेन्शनचे कागद, घर, बाग हे सगळं तुमच्या बाजूचं आहे, पण सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर सर्टिफाय करून जोडा, नुसता मराठी सातबारा जोडलात तर उपयोग नाही.

प्रश्न: आई कुळथाचं पीठ, आमसुलं, आंबापोळी, मेतकूट, तूप, डिंकाचे लाडू असं सगळं बांधून देतेय, आम्ही नवराबायको दोन महिन्यांसाठी चाललोय. काय नेऊ आणि काय नको? कोणी म्हणतं काहीच चालत नाही, कोणी म्हणतं लपवून न्या काही होत नाही. (रत्नागिरी)

उत्तर: लपवून अजिबात नेऊ नका. न सांगता धोक्याची वस्तू सापडली तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे, आणि तिथे कुत्रे आहेत, एक्सरे आहे, सापडतंच. पण सांगितलंत तर दंड नाही, फार तर वस्तू काढून घेतील. म्हणजे सगळा खेळ खरं लिहिण्याचा आहे. निघण्याआधी एक ट्रॅव्हलर डिक्लरेशन ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा, हिंगाची डबीसुद्धा.

ताजी फळं, भाज्या, मध, बिया, कडीपत्ता, नारळ, तुळशीची मंजिरी, फुलांचा हार यातलं काही नेऊ नका. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही नको, आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकूत होतो आणि तो रोग त्यांच्या देशात नाही, त्यांचं बरंचसं पोट दुधावर चालतं म्हणून ते घाबरतात. लाडूत तूप असतं, तेही घरीच ठेवा, आईला वाईट वाटेल पण विमानतळावर कचऱ्यात गेलेले लाडू बघून जास्त वाईट वाटेल. मसाले, पीठ, मेतकूट, आमसुलं ही कंपनीच्या सीलबंद पाकिटातली, वर इंग्रजीत नाव लिहिलेली घ्या, थोडीच घ्या, सगळी एका पिशवीत वरच ठेवा आणि अधिकाऱ्याला स्वतःहून दाखवा. पुढे काय ठेवायचं ते तो ठरवेल. तसंही ऑकलंडला सँडरिंगहॅम भागात आपली दुकानं ओळीने आहेत, तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं.

विमानात खायला दिलेलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये ठेवायची आपली सवय असते, तिथे उतरताना ते तसंच राहिलं तरी दंड बसतो. उतरायच्या आधी पर्स, खिसे, लहान बॅग सगळं रिकामं करून बघा.

आणखी एक प्रश्न असतो जो आपल्या लोकांना लागू होतो आणि लक्षात येत नाही. गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का, गुरांजवळ होतात का? बागायतदार असाल तर उत्तर हो असंच आहे, हो लिहा, घाबरू नका. ते फक्त बूट तपासतात. म्हणून बागेतल्या चपला नि बूट घरी ठेवून जा, जे नेताय त्यांचे तळवे ब्रशने घासून धुऊन वाळवा, मातीचा कण नको. आपण स्वतः फळमाशीसाठी कलमांत रक्षक सापळे लावतो, एक माशी आली की काय होतं ते आपल्याला कोणी समजवायला नको. तेही त्यांच्या शहरांत हजारो सापळे टांगून एवढंच बघत असतात की माशी आलीये का. आणि उत्तरेकडे वायपोआच्या जंगलात ताने महुता नावाचं प्रचंड मोठं कौरीचं झाड आहे, तिथे जायच्या वाटेवर तर बूट घासून औषधात बुडवूनच पुढे जायचं असतं, कारण मातीतून येणाऱ्या रोगाने कौरीची झाडं मरतायत. शिस्तीने घासा, शॉर्टकट मारू नका.

प्रश्न: मी चिपळूण-कराड घाटात तीस वर्षं गाडी चालवलीय. तिकडे भाड्याने गाडी घेऊन चालवणं झेपेल का, की बस-ट्रेन बरी? बायको म्हणते ट्रेन. (चिपळूण)

उत्तर: काका, कुंभार्ली घाट चालवणाऱ्याला तिथले रस्ते अवघड नाहीत, गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंगही उजवीकडे. अडचण सवयीची आहे. हॉर्न वाजवायचा नाही, समोरचा थांबेल असं धरून चालायचं नाही, आणि गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभरची मर्यादा असते पण वळणावर शंभरने जायचं असा त्याचा अर्थ नाही, स्थानिक लोक मागून चिकटले तर डावीकडे जागा बघून थांबा आणि जाऊ द्या. एकेरी पूल खूप आहेत. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर तुम्ही आधी, गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं. हे पाठ करूनच जा, कारण तिथे समोरचा माणूस तुम्ही थांबणार या भरवशावर पुलावर चढतो.

लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, एक वर्ष चालतं. गाडीच्या विम्यात एक्सेस म्हणजे अपघात झाला तर तुमच्या खिशातून किती जाणार हा आकडा असतो, भाडं बघण्याआधी तो बघा. आणि विमानातून उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका, माझं हे मत पक्कं आहे. रात्रभराचा प्रवास, साडेसात तासांचा फरक, डोळे उघडे असतात पण डोकं झोपलेलं असतं. एक-दोन रात्री शहरात राहा, मग गाडी.

पण काकूंचंही ऐका. क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ ट्रेन आहे, पाचेक तास, मैदानातून डोंगर चढून पलीकडच्या किनाऱ्याला उतरते. मधला ओटिराचा बोगदा साडेआठ किलोमीटरचा, 1923 चा, आपला कोकण रेल्वेचा करबुडे साडेसहाचा. ऑकलंड ते वेलिंग्टन ट्रेन आहे, दिवसभराची. हे दोन टप्पे ट्रेनने करा, मधे ते अनाऊ, टेकापो एवढ्यापुरती गाडी घ्या. मिलफर्डच्या रस्त्याला निघताना ते अनाऊलाच टाकी फुल करा, पुढे गाव नाही, फोनला रेंज नाही, आणि मधे होमरचा सव्वा किलोमीटरचा बोगदा आहे, उताराचा आणि अरुंद. दिवसभर तुम्हीच स्टिअरिंगवर असाल तर बघणार कधी? काकूंना लायसन्स असेल तर त्यांनाही चालवू द्या.

प्रश्न: आईबाबा गुहागरला असतात, बाबांना बीपी आणि शुगर, आईचे गुडघे. ते दीड महिना न्यूझीलंडला जायचं म्हणतायत आणि मी इथे पुण्यात टेन्शनमध्ये. थांबवू का त्यांना?

उत्तर: नको थांबवू. त्यांना मोकळ्या मनाने पाठव आणि तुझं टेन्शन कागदपत्रांत घाल, तिथे त्याचा उपयोग आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बीपी-शुगर लपवू नकोस, लिहून घे आणि ते कव्हर होतंय का हे पॉलिसीतच वाच, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. तिकडे अपघात झाला तर एसीसी नावाच्या सरकारी योजनेतून परदेशी पाहुण्यालाही उपचाराची मदत मिळते, पाय मुरगळला, पडले, गाडी आपटली. पण आजारपणाचं त्यात काही येत नाही, छातीत दुखलं, शुगर वाढली, तो खर्च आपला, आणि परतीचं विमानही आपलं. म्हणून इन्शुरन्स लागतोच.

गोळ्या तीन महिन्यांपर्यंतच्या नेता येतात, मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत, सगळ्या हातातल्या बॅगेत. सिंगापूरमार्गे गेले तर पहिली फ्लाइट साडेपाच तासांच्या आसपास, दुसरी दहा तासांची, मधे एक रात्र सिंगापूरला काढली तर आईच्या गुडघ्यांना फार बरं पडेल, फक्त विमानतळाबाहेर पडायला सिंगापूरचा व्हिसा लागतो हे धरून चाल. ऊन तिथलं फसवं असतं, हवा गार लागते पण अर्ध्या तासात कातडी भाजते, टोपी आणि सनस्क्रीन बाबांनासुद्धा. इमर्जन्सी नंबर 111, तो दोघांच्या फोनमध्ये टाकून दे. भूकंपाचा देश आहे, 2016 ला काइकोऱ्याला मोठा झाला होता, तर किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा बराच वेळ हादरा बसला तर सायरनची वाट न बघता उंचावर चालू लागायचं, हे आधीच बोलून ठेव.

आणि रेंजचं समजून घे. दक्षिण बेटावर तासन् तास फोन लागत नाही. रात्री एक मेसेज एवढंच ठरवा, दुपारी फोन उचलला नाही म्हणून तू पोलिसांना फोन करू नकोस.

प्रश्न: आम्हाला फक्त पावसाळ्यातच वेळ असतो, जून ते ऑगस्ट. जमेल का? (दापोली)

उत्तर: जमेल, पण तो त्यांचा हिवाळा. दिवस छोटा, डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ, चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, म्हणून तेव्हा गाडी घेऊन दक्षिणेला भटकू नका. उत्तर बेटावर राहा, रोटोरुआला जमिनीतून वाफा येतात, गरम पाण्याची कुंडं आहेत, थंडीत तिथे बसायला मजा येते. माणसं कमी, खोल्या स्वस्त. घराची मात्र दुप्पट काळजी, पागोळ्या, कौलं, परड्यातलं पाणी हे बघणारा माणूस पक्का असेल तरच निघा, आणि कपाटातले कपडे, गाद्या, महत्त्वाचे कागद नातेवाइकांकडे ठेवून जा.

प्रश्न: सावंतवाडीहून जायला मुंबई बरी की मोपा? (सावंतवाडी)

उत्तर: गोव्याचा मोपा विमानतळ जवळ आहे, तिथून मुंबई किंवा दुसऱ्या मोठ्या शहराची फ्लाइट घेऊन पुढे जाता येतं. भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नाही त्यामुळे कुठेतरी बदलावं लागणारच. फक्त सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे पहिली फ्लाइट लेट झाली तर पुढची जबाबदारी एअरलाइनची राहते आणि बॅगाही थेट जातात. वेगवेगळी तिकिटं काढून पाच हजार वाचवायला जाऊ नका. ट्रेनने मुंबईला जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा, पावसाळ्यात तर दोन दिवस आधी, दरड पडली की कोकण रेल्वे कुठे थांबेल सांगता येत नाही. आणि ऑस्ट्रेलियामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर लगेच घेऊ नका, नुसतं विमान बदलायलाही आपल्या पासपोर्टला तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज करावा लागतो आणि त्यात दिवस जातात.